खारफुटी तोडून किनारा सावरताना

अलिबागच्या खाडीत तिवराच्या झाडावर कोयता चालवला, तर गुन्हा दाखल होतो. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात खारफुटी तोडायला मनाई केली, 2012 मध्ये वनविभागाने त्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला, आणि आता खारफुटी किनाऱ्याची राखण करते हे शाळकरी पोरंही धडाधड सांगतात. अशा आपल्याला हवाई बेटांवरची गोष्ट खटकणारच. तिथे ओआहू बेटावर, कानेओहे उपसागराच्या काठी, स्थानिक माणसं गेली वीसेक वर्षं करवती घेऊन खारफुटी तोडत आहेत. चोरून नव्हे, उघडपणे. शनिवारी श्रमदानाला शाळा-कॉलेजची मुलं येतात, विद्यापीठातले शास्त्रज्ञ चिखलात उतरतात, आणि या सगळ्याला म्हणतात किनारा पूर्ववत करणं.

पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर असलेल्या या बेटांवर खारफुटी मुळात नव्हतीच. तिच्या शेंगांना तरंगत तिथवर पोहोचणं जमलं नाही. 1902 मध्ये मोलोकाई बेटावरच्या एका साखर कंपनीने फ्लोरिडातून तांबड्या खारफुटीची रोपं आणली. आपल्याकडच्या कांदळाच्याच कुळातली ही. डोंगरावर ऊस आणि गुरं आल्यावर माती धुपून किनाऱ्यावर चिखल साचायला लागला होता, तो धरून ठेवायला कोणीतरी हवं होतं. खारफुटीने ते काम चोख केलं, आणि मग थांबली नाही. तिला खाणारं, रोखणारं तिथे कोणी नव्हतं. वीसेक वर्षांत ती ओआहूवर हेएइआ या गावच्या किनाऱ्याला येऊन पोहोचली, आणि तिथे तिची गाठ पडली एका जुन्या दगडी बांधाशी.

हा बांध म्हणजे या लेखाचा खरा नायक. सहाशे ते आठशे वर्षांपूर्वी हवाईच्या मूळ रहिवाशांनी समुद्राच्या उथळ पाण्यात तो घातला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त, रुंदी बारा ते पंधरा फूट. बाहेरून आणि आतून काळ्या बेसॉल्टच्या दगडांच्या दोन भिंती रचायच्या, मधल्या पोकळीत प्रवाळाचे तुकडे भरायचे. चुना नाही. नुसते दगडात दगड बसवलेले. या बांधाने 88 एकर पाणी वेढलं आणि माशांचं तळं तयार झालं. हवाई भाषेत अशा तळ्याला लोको इआ म्हणतात, आणि बांधाला कुआपा. पॉलिनेशियाच्या इतर बेटांवरही मासे अडवायच्या युक्त्या होत्या, पण समुद्रातच भिंत घालून मासे वाढवण्याची विद्या इतकी पुढे नेली ती हवाईच्या लोकांनीच.

बांधाला जागोजागी दारं असतात. त्यांना माकाहा म्हणतात. दार म्हणजे लाकडी काठ्यांची उभी जाळी, दोन काठ्यांमध्ये बोटभर फट. भरतीला समुद्राचं पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जातं, आणि त्याबरोबर बोय माशाची बारकी पिल्लं फटीतून आत शिरतात. बोय, ज्याला कोकणात कुठे बोईट तर गोव्यात शेवटा म्हणतात, तोच हा मासा. तो अंडी घालतो खोल समुद्रात, पण पिल्लं वाढायला निमखाऱ्या पाण्याच्या शोधात किनाऱ्याशी येतात. तळ्यात एका बाजूने ओढ्याचं गोडं पाणी सोडलेलं असतं, दुसऱ्या बाजूने समुद्र. म्हणजे हवं तसं निमखारं पाणी तयार. पाणी जेमतेम दोन-तीन फूट खोल, त्यामुळे ऊन तळापर्यंत पोचतं आणि तळाशी शेवाळ माजतं. बोय ते खाऊन लठ्ठ होतो आणि मग फटीतून बाहेर जायला त्याचं अंग मावत नाही. थंडीच्या दिवसांत अंडी घालायला समुद्राची ओढ लागली की मोठे मासे आपणहून दारापाशी गोळा होतात. माणसाने फक्त जाळं घेऊन उभं राहायचं.

यातला हिशोब फार शहाणपणाचा आहे. शेवाळ खाणारा मासा आपण खाल्ला, तर सूर्याच्या शक्तीचा तुलनेने मोठा भाग ताटात येतो. दुसरे मासे खाणारा मासा खाल्ला, तर मधल्या प्रत्येक पायरीवर दहातला साधारण एकच हिस्सा पुढे सरकतो, बाकीचा त्या माशांच्या जगण्यात खर्ची पडतो. आजच्या मत्स्यशेतीत कोळंबीला किंवा सामनला दुसऱ्या माशांचीच भुकटी चारली जाते. हवाईच्या तळ्यात बाहेरून चाराच घालावा लागत नव्हता. शिकारी मासे चुकून आत आले की राखणदार ते आधी काढायचे. या राखणदाराला किआई लोको म्हणत. भरती-ओहोटी, चंद्राच्या तिथी, वाऱ्याची दिशा, कोणत्या दारापाशी कोणता मासा कधी येतो, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असे. बोय माशाला तर आकारानुसार चार वेगवेगळी नावं होती, आपल्याकडे वासराला, खोंडाला आणि बैलाला असतात तशी.

तळं एकटं उभं नव्हतं. हवाईत जमिनीची वाटणी डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळापर्यंत एका उभ्या पट्ट्यात होत असे, त्याला अहुपुआआ म्हणतात. वर जंगल, मध्ये कालोची शेतं, खाली तळं, त्यापुढे प्रवाळ. कालो म्हणजे आपला अळूच, फक्त तिथे त्याचा कंद मुख्य अन्न. हवाईच्या उत्पत्तिकथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. ओढ्याचं पाणी अळूच्या पाणथळ खाचरांतून, म्हणजे लोईंतून, हळूहळू झिरपत खाली यायचं. गाळ खाचरात बसायचा, तळ्याला निवळलेलं आणि कसदार पाणी मिळायचं. कोनोहिकी नावाचा अधिकारी पाणी कोणी किती घ्यायचं आणि कोणता मासा कधी धरायचा नाही हे ठरवायचा. विणीच्या काळात मासेमारीला बंदी, आणि ती मोडणाऱ्याला जबर शिक्षा. ही व्यवस्था म्हणजे सगळा गोडवा होता असं समजू नये. सरदार-राजांची सत्ता होती, आणि अनेक मोठ्या तळ्यांचे मासे आधी त्यांच्या घरी जात. पण पाणी आणि मासा एकाच हिशोबात धरणारी व्यवस्था होती, एवढं नक्की.

ती मोडली कशी, याचा इतिहास लांब आहे, थोडक्यात सांगतो. 1778 मध्ये कॅप्टन कुक आला, त्याच्या मागोमाग रोग आले, आणि लाखांनी असलेली मूळ वस्ती शंभर-सव्वाशे वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास उरली. बांध दुरुस्त करायला हात लागतात. हातच उरले नाहीत. 1848 च्या जमीनवाटपाने सामायिक जमीन खासगी मालकीत गेली. 1893 मध्ये साखरवाल्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, 1898 मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. ओआहूच्या ओल्या बाजूचं पाणी डोंगरातून बोगदे खोदून कोरड्या बाजूच्या उसाला नेलं. 1916 मध्ये पुरा झालेला वायाहोलेचा पाट हे त्याचं मोठं उदाहरण, आणि वायाहोलेचा ओढा याच कानेओहे उपसागराला मिळतो. ओढा आटला की तळ्यातलं गोडं पाणी आटलं.

तरीही 1900 च्या सुमारास अमेरिकी मत्स्य आयोगासाठी जॉन कॉब यांनी पाहणी केली, तेव्हा 99 तळी चालू होती आणि त्यांतून वर्षाला सुमारे 6,80,000 पौंड, म्हणजे तीनशे टनांवर मासे निघत होते. पुढच्या शतकात बहुतेक तळी गेली. काही गाळाने भरली, काही शहराने भरली. ओआहूवर माउनालुआचं पाचशेहून अधिक एकरांचं प्रचंड तळं हेन्री कायझर या उद्योगपतीने 1960 च्या दशकात भराव टाकून आणि खणून बंगल्यांच्या नि बोटींच्या वसाहतीत बदललं. त्या वसाहतीचं नाव हवाई काय, आणि त्यातला ‘काय’ कायझर यांचाच. 1990 मधल्या एका राज्यव्यापी पाहणीत 488 तळ्यांच्या खुणा नोंदवल्या गेल्या. मासे देणारी मात्र बोटांवर मोजण्याइतकी होती.

हेएइआचं तळं वाचलं, पण जखमी होऊन. मे 1965 मध्ये मोठा पूर आला आणि बांधाचा दोनेकशे फुटांचा तुकडा वाहून गेला. आपल्या रायगडच्या खारेपाटात बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात, ती खांड तिथे पन्नास वर्षं उघडी राहिली. खारफुटीच्या मुळांनी उरलेल्या बांधाचे दगड एकमेकांपासून सुटे केले. खांडीतून बॅराकुडासारखे शिकारी मासे आत आले. पुढे बाहेरून आणलेलं लाल समुद्री शेवाळ तळाशी पसरलं. डोंगरावरून गाळ येत होताच.

2001 मध्ये काही तरुण हवाईयन मंडळींनी ‘पाएपाए ओ हेएइआ’ ही संस्था काढली आणि तळ्याची देखभाल हाती घेतली. जमीन कामेहामेहा स्कूल्स या न्यासाच्या मालकीची. राजघराण्यातली बर्निस पाउआही बिशप 1884 मध्ये वारली, तिने मृत्युपत्रात आपल्या जमिनी हवाईयन मुलांच्या शिक्षणासाठी ठेवल्या, त्यातून हा न्यास उभा राहिला. म्हणजे जमीनमालकही त्यांचाच होता. मला वाटतं, हेएइआच्या यशातली ही सगळ्यांत कमी बोलली जाणारी गोष्ट आहे. ‘स्थानिकांची भागीदारी’ हे शब्द अहवालांमध्ये फार सहज येतात, पण जिथे जमीन दुसऱ्याची आणि भाडेकरार एक-दोन वर्षांचा, तिथे सहाशे-आठशे वर्षांचा बांध दुरुस्त करायला कोण हात घालील?

काम चेंगट होतं. खारफुटीचं झाड वरून कापलं म्हणून सुटका होत नाही, मुळं दगडांत घुसलेली असतात. ती उपटायची तर बांधाचा तेवढा भाग उकलायचा, दगड बाजूला रचून ठेवायचे, आणि पुन्हा एकेक बसवायचा. कोणता दगड तळाला, कोणता तोंडाशी, कोणता पाचर म्हणून, हे जुन्या पद्धतीने रचणारे फार थोडे जण उरले होते, त्यामुळे शिकणं आणि बांधणं एकदमच चाललं. निघालेलं लाकूड जळणाला आणि छपरं उभारायला वापरलं गेलं. उपसलेलं लाल शेवाळ शेतकऱ्यांनी खत म्हणून नेलं. डिसेंबर 2015 मध्ये शेवटची खांड बुजवायचा दिवस ठरला. दोन हजारांच्या आसपास माणसं आली, बांधावर रांगेने उभी राहिली, आणि दगड आणि प्रवाळ हातोहात पुढे सरकत गेले. पन्नास वर्षांनी तळ्याला पुन्हा सगळीकडून काठ आला.

पण बांध पुरा झाला म्हणून मासे येत नाहीत. त्यासाठी वरून येणारं पाणी सुधारावं लागतं. तळ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी अळूची खाचरं होती, तिथे बाहेरून आणलेलं पॅरा गवत पुरुषभर माजलं होतं. आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी मुद्दाम लावतात तेच हे गवत. 2010 मध्ये ‘काकोओ ओइवी’ या दुसऱ्या स्थानिक संस्थेने राज्याच्या एका प्राधिकरणाकडून तिथली 405 एकर जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली आणि गवत काढून पुन्हा लोई पाडायला सुरुवात केली. अळू विकलाही जातो, आणि गाळही अडतो. आपल्या शेकाट्याचा जवळचा नातलग असलेला आएओ हा दुर्मीळ पक्षी तिथे पुन्हा पिल्लं काढू लागला, ते तर कोणी मागितलेलंही नव्हतं. खारफुटी गाळ अडवते हे खरंच आहे, म्हणून वरची खाचरं आधी तयार करून खालची झाडं टप्प्याटप्प्याने काढणं शहाणपणाचं. एका रात्रीत सगळी तोडली असती तर तो चिखल थेट प्रवाळावर गेला असता.

ओढ्यांच्या पाण्याचा लढा मात्र न्यायालयातच लढावा लागला. 1995 मध्ये ओआहूवरचा मोठा साखर कारखाना बंद पडला, तेव्हा वायाहोलेच्या पाटाचं पाणी मोकळं झालं. आता ते कोणाचं? बिल्डर, मोठे शेतकरी, लष्कर सगळे रांगेत. अळू पिकवणाऱ्या छोट्या कुटुंबांनी पाणी ओढ्यातच सोडा अशी मागणी लावून धरली. 2000 साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पाणी ही लोकांची ठेव आहे आणि ओढा वाहता ठेवणं हाही पाण्याचा वापरच आहे. पाटाचं थोडं पाणी ओढ्यांना परत मिळालं. किनाऱ्याच्या पुनरुज्जीवनाचे जे देखणे फोटो छापले जातात, त्यांत हा पाणीतंटा कधी दिसत नाही.

आणखी एक लढा कागदांचा. पूर्वजांनी बांधलेलं तळं दुरुस्त करायला राज्य, जिल्हा आणि केंद्र मिळून सतरापर्यंत परवानग्या लागत. समुद्रात दगड टाकणं म्हणजे कायद्याच्या लेखी भराव, मग तो दगड त्याच बांधातून गळून पडलेला का असेना. तळ्यांच्या राखणदारांनी 2004 पासून बेटाबेटांवरचे लोक जोडून आपलं जाळं उभारलं होतं. त्यांनी पाठपुरावा करून 2015 मध्ये ‘होआला लोको इआ’ ही सगळ्या परवानग्या एका अर्जात आणणारी सोय मिळवली. याचं श्रेय तंत्रज्ञानाला नाही, चिकाटीने बैठकांना जाणाऱ्या माणसांना आहे.

जानेवारी 2017 मध्ये या परिसरातल्या सुमारे 1,385 एकरांना राष्ट्रीय खाडी संशोधन क्षेत्राचा दर्जा मिळाला. उपसागरातल्या मोकू ओ लोए या बेटावर हवाई विद्यापीठाची सागरी जीवशास्त्र संस्था आहे, तिच्याकडे त्याचं व्यवस्थापन आलं, स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन. सरकारी राखीव क्षेत्र म्हटलं की कुंपण आणि पाट्या आठवतात. इथे अळू लावणं, मासे धरणं, बांध रचणं हीच संवर्धनाची पद्धत म्हणून आराखड्यात मांडली गेली, आणि हद्द आखतानाही अहुपुआआ डोळ्यांसमोर होता. शास्त्रज्ञांशी संबंध मात्र सुरुवातीपासून सुरळीत नव्हते. वर्षानुवर्षं संशोधक यायचे, पाण्याचे नमुने घ्यायचे, प्रबंध लिहायचे आणि परत फिरकायचे नाहीत. मग हवाईतल्या समाज-संस्था आणि विद्यापीठाने मिळून ‘कुलाना नोई’ नावाची आचारपद्धती तयार केली. प्रश्न स्थानिकांबरोबर बसून ठरवा, निष्कर्ष आधी त्यांना सांगा, नातं टिकवा. वाचायला साधं वाटतं. पीएचडीच्या मुदतीत बसवायला अवघड जातं.

हे सगळं वाचताना खारेपाटातला किंवा गोव्यातला वाचक मनात म्हणत असेल की यात नवं काय! अलिबाग-पेणच्या खारबंदिस्तीला उघाड्या आहेत, गोव्याच्या खाजनांना मानशी आहेत. भरती-ओहोटीचं पाणी दाराने खेळवायचं, आत भात पिकवायचं आणि दाराशी मासे धरायचे, ही विद्या आपल्या किनाऱ्यावरही शतकानुशतकं आहे, आणि गोव्यात गावकरीच्या सामायिक कारभाराने ती राखली. आपल्याकडेही बांध फुटतात, खारं पाणी भातखाचरात शिरतं, काही वर्षांत तिथे तिवरं उगवतात. मग ती तिवरं तोडणं गुन्हा, आणि शेत गेलं ते गेलंच. हवाईचं उत्तर इथे उचलून आणता येणार नाही. आपली खारफुटी इथलीच आहे आणि मुंबई-ठाण्यात भरावाच्या लोभाला तिने व तिच्या कायद्याने जो आवर घातला आहे तो सैल करणं धोक्याचं. पण फुटलेल्या बांधामागचं तिवर आणि खाडीतलं जुनं कांदळवन एकाच मापाने मोजायचं का, हे ठरवताना बांध घालणाऱ्या शेतकऱ्याला आणि दारावर मासे धरणाऱ्याला टेबलाशी बसवायला काय हरकत आहे?

हेएइआतही सगळं साधलं आहे असं नाही. 2009 मध्ये तिथे जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवलेले मोई नावाचे मासे दोनदा मोठ्या संख्येने मेले. त्या वर्षी एल निनोमुळे व्यापारी वारे मंदावले, पाणी ढवळलं गेलं नाही, तापलं, आणि त्यातला प्राणवायू घटला. वारा पडला की तळ्यावर लक्ष ठेवायचं हे जुन्या राखणदाराला सांगावं लागलं नसतं. आता तापमान आणि प्राणवायू मोजणारी यंत्रं पाण्यात आहेत, आणि माणसंही वारा पाहायला पुन्हा शिकली आहेत. 2017 च्या उन्हाळ्यात हवाईत भरतीच्या पाण्याने पूर्वीचे उच्चांक मोडले. समुद्र असाच चढत राहिला तर बांधाची उंची वाढवावी लागेल, म्हणजे आणखी दगड, आणखी हात.

माशांचं उत्पन्न अजून जुन्या दिवसांच्या जवळपासही नाही. उपसागरातच बोय कमी झाला आहे, त्यामुळे दारातून आत येणारी पिल्लंही कमी. संस्थेचा बराचसा खर्च अनुदानं, देणग्या आणि शाळांच्या सहलींवर चालतो. विकायला जे निघतं त्यात सामोअन खेकडाही आहे, विसाव्या शतकात मुद्दाम आणून सोडलेला, म्हणजे खारफुटीसारखाच उपरा. आपल्याकडच्या खाडीतली चिंबोरी ती हीच. खारफुटी तोडायला माणसं जमवावी लागतात, पण चिंबोरी काढायला आग्रह करावा लागत नाही. होनोलुलूच्या हॉटेलांत तिला भाव चांगला मिळतो.